मुंबईला वळसा न घालता कोकणातून विमान कसं पकडायचं

कुडाळचा माणूस दिल्लीला निघाला की आधी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो, ठाण्याला किंवा दादरला उतरतो, सामान सांभाळत टॅक्सी करतो आणि मग सहारहून उडतो. आखातात नोकरीला असलेल्या रत्नागिरीकडच्या घरांमध्ये तर ही वाट पिढीजात झाली आहे. दुसरा पर्याय नव्हता तोवर ते ठीक होतं. आता गोव्यातलं मोपा आहे, सिंधुदुर्गातलं चिपी आहे, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे, घाटापलीकडे कोल्हापूर आणि बेळगाव आहेत. तरीही सवयीने मुंबईचंच तिकीट काढलं जातं. त्यात प्रवाशाचे पैसे आणि झोप जाते, आणि मुंबईच्या विमानतळावर विनाकारण भर पडते.

खाली दिलेली माहिती दोघांसाठी आहे: स्वतःचा प्रवास आखणाऱ्यांसाठी, आणि आपल्या भागातून विमानफेरी सुरू व्हावी म्हणून धडपडणाऱ्या हॉटेलवाले, व्यापारी, ग्रामस्थ मंडळींसाठी.

मुंबईत नेमकं अडतं कुठे

टर्मिनलमधली रांग डोळ्यांना दिसते, पण खरी अडचण धावपट्टीची आहे. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२, आणि त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला जास्तीत जास्त ४६ उड्डाणं-उतरणी चालायची. विमानं आकाशात ताटकळू लागली म्हणून २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या तासांसाठी हा आकडा ४४ वर आणला गेला. गर्दीचे तास म्हणजे सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री ९.१५ ते ११.१५. चव्वेचाळीसचा हिशेब केला तर दर ८२ सेकंदांना एक विमान चढतं किंवा उतरतं. एखादं जरी रेंगाळलं तरी मागची सगळी रांग सरकते. ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या तर एका विमानाचं १.७ ते २.५ किलोलिटर इंधन नुसतं वाट बघण्यात जळतं, असा सरकारचाच हिशेब होता.

या ८२ सेकंदांची पाळी १८० आसनांच्या एअरबसला लागते तशीच ७० आसनांच्या एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानालाही लागते. एटीआर उतरताना जेटपेक्षा हळू येतं, म्हणून त्याच्या मागच्या जेटला आणखी लांब ठेवावं लागतं. एटीआरची एक जा-ये म्हणजे दोन पाळ्या आणि १४० आसनं. त्याच दोन पाळ्यांत एअरबस ३६० आसनं नेते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चिपीहून मुंबईला विमान सुरू झालं तर सिंधुदुर्गाची सोय होते आणि ती मागणी रास्तच आहे. पण त्याने मुंबईची गर्दी कमी होत नाही, उलट दोन पाळ्यांनी वाढते. जवळच्या विमानतळाचा मुंबईला खरा उपयोग होतो तो प्रवासी मुंबईला न शिवता थेट दिल्ली, हैदराबाद, बंगळूर किंवा मस्कतला जातो तेव्हाच. ज्याला मुंबईतच जायचंय त्याच्यासाठी कोकण रेल्वे आहे. दुपारची वंदे भारत, जनशताब्दी, रात्रीची कोकणकन्या आणि तुतारी थेट शहराच्या मध्यात उतरवतात.

तुमच्या तालुक्याला कोणतं विमानतळ

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ: यांनी आधी मोपा बघावं. पेडणे तालुक्यातलं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची आहे, त्यामुळे मोठी विमानंही उतरतात. बांद्याच्या माणसाला ते अगदी उंबऱ्याशी आहे. कुडाळहून सव्वा तास धरा, कणकवलीहून पावणेदोन ते दोन. धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून थेट विमानतळाकडे जोडरस्ता आहे. गावांतल्या आडवाटांनी किलोमीटर वाचतात, पण रात्री किंवा पावसात जोडरस्ताच धरा.

चिपी मालवण, परुळे आणि वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीला सगळ्यात जवळ आहे. कुडाळहून पाऊण तास पुरतो. धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला ती सुरू झाली आणि तेव्हापासून फेऱ्या चालू-बंद होत आल्या आहेत. म्हणून चिपीच्या बाबतीत आधी आठवड्यातले वार बघायचे, मग सुट्टी टाकायची. उलट केलंत तर अडकाल.

देवगड, राजापूर, लांजा, रत्नागिरी: हा पट्टा खरा अवघड. मोपा आणि मुंबई दोन्ही लांब. रत्नागिरी शहराला कोल्हापूर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर पडतं, म्हणजे साडेतीन तास. कोल्हापूरहून हैदराबाद आणि बंगळूरकडे फेऱ्या असतात. रात्रीचा घाट नको असेल तर रेल्वेने थिवीला उतरून मोपा गाठता येतं. पेडणे स्टेशन विमानतळाला जवळ आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याची धावपट्टी तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. तिथलं तिकीट विक्रीला येईपर्यंत ती हिशेबात धरू नका.

चिपळूण, गुहागर, खेड, दापोली, महाड, माणगाव: तुमच्यासाठी आता नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडताहेत. कोकणातून येणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. तिथे उतरलात की ठाणे-कुर्ला-अंधेरीचा सगळा रगडा वाचतो. रस्त्याने येणाऱ्यालाही पळस्पे फाट्यापुढे मुंबईत शिरावं लागत नाही. पहिल्या टप्प्यात या विमानतळाची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. ही धावपट्टी मुंबईच्या धावपट्टीशी गुंतलेली नाही, म्हणून इथून उडणारा प्रत्येक जण सहारवरचा भार खरोखर हलका करतो. चिपळूणकरांना कुंभार्ली घाट, कराड आणि मग पुणे हाही रस्ता आहे, पण पुण्याचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि तिथेही गर्दी काही कमी नाही.

तिकीट शोधताना

शहराचं नाव टाकून शोधू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. गोव्याचे दोन आहेत: मोपा म्हणजे जीओएक्स आणि दाबोळी म्हणजे जीओआय. मुंबईचे दोन: सहार-सांताक्रूझ बीओएम आणि नवी मुंबई एनएमआय. चिपीचा एसडीडब्ल्यू, कोल्हापूरचा केएलएच, बेळगावचा आयएक्सजी. नुसतं 'गोवा' टाकलं की स्वस्त म्हणून दाबोळीचं तिकीट पुढे येतं आणि माणूस मोपाला जाऊन उभा राहतो. दोन्हींमध्ये साठ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आहे आणि मधे पणजीची वाहतूक. इतक्या उशिरा ते विमान मिळत नाही. जाण्याचं एका विमानतळावरून आणि येण्याचं दुसऱ्यावर, हाही घोळ नेहमीचा. परतीच्या तिकिटावरचा कोड वेगळा वाचून घ्या, विशेषतः गाडी पार्किंगला लावणार असाल तर.

तुलना करताना मूळ भाडं बघू नका. नव्या विमानतळांचं वापर शुल्क बहुधा जास्त असतं आणि ते तिकिटात शेवटी मिळवलं जातं. पैसे भरायच्या पानावरची अंतिम रक्कम घ्या, तिच्यात घरापासून विमानतळापर्यंतचं भाडं, रात्र काढावी लागली तर खोली, आणि रस्त्यातलं खाणं मिळवा. मग दुसऱ्या पर्यायाचाही असाच आकडा काढा. कुडाळहून दिल्लीचं उदाहरण घ्या. मोपामार्गे सव्वा तास रस्ता, दोन तास आधी हजेरी, अडीच-पावणेतीन तास उड्डाण: सहा तासांत माणूस दिल्लीत. मुंबईमार्गे रात्रभराची गाडी, सकाळी टॅक्सी, दोन तासांची हजेरी आणि सव्वादोन तासांचं उड्डाण: पंधरा तासांच्या आत काही सुटका नाही. चार जणांचं कुटुंब असेल तर मोपाचं तिकीट माणशी हजार रुपयांनी महाग दिसलं तरी शेवटचा हिशेब बहुधा बरोबरीत सुटतो.

गणपती, दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांत हे गणित बदलतं. नाताळात मोपाची भाडी पर्यटकांमुळे चढतात. तेव्हा कोल्हापूर आणि बेळगाव जरूर तपासा. आंबोली घाटाने बेळगाव सावंतवाडीकरांना फार लांब नाही.

जोडउड्डाणं: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

चिपी किंवा कोल्हापूरहून तुमच्या शहराला थेट विमान नसेल तर हैदराबाद किंवा बंगळूरला बदलायला लागतं. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान रद्द झालं किंवा उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं मग कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे गेले.

वेगळी तिकिटं घेण्यावाचून इलाजच नसेल तर मधे देशांतर्गत प्रवासाला किमान चार तास ठेवा, परदेशी विमानाला सात-आठ. दिवसातून एकच फेरी असलेल्या विमानतळावरून परदेशी विमान गाठायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा, कारण ती एक फेरी रद्द झाली की दुसरी उद्याच असते.

काउंटरवर बॅग देताना तिच्या हँडलला गुंडाळलेली पांढरी पट्टी वाचा. सगळ्यात मोठ्या टायपात छापलेली तीन अक्षरं तुमच्या शेवटच्या मुक्कामाची हवीत. तिथे मधल्या विमानतळाचा कोड दिसला तर बॅग तिथेच पट्ट्यावर येणार, तुम्ही बाहेर येऊन ती पुन्हा भरायची. तिथल्या तिथे विचारा, कारण पट्टी बदलायला काउंटरवर दोन मिनिटं लागतात, आत गेल्यावर ते होत नाही. परदेशातून येताना मात्र बहुतेक वेळा भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन कस्टममधून जावंच लागतं. तो तासभर धरूनच जोडउड्डाण निवडा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या सड्यांवर ढग फार खाली येतात. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी वैमानिकाला वाट दाखवणारी यंत्रणा, असलेल्या धावपट्टीवर साध्या श्रेणीतही वैमानिक २०० फुटांपर्यंत खाली येऊन, ५५० मीटर दृश्यमानतेत उतरू शकतो. जिथे ही यंत्रणा नाही तिथे त्याला बरंच वरून धावपट्टी दिसावी लागते, नाहीतर परत वर जायचं. एखादा तास वाट बघून तो दुसरीकडे वळतो, आणि परतीचं विमानही त्याबरोबर रद्द होतं. छोट्या विमानतळांवर पावसात फेऱ्या का गळतात याचं मुख्य कारण हे आहे. त्यामुळे या चार महिन्यांत परीक्षा, मुलाखत, व्हिसा, शस्त्रक्रिया असं तारखेला बांधलेलं काम असेल तर चिपीऐवजी मोपा निवडा, आणि शक्यतो दुपारच्या आतलं विमान घ्या, म्हणजे काही बिघडलं तरी हातात दिवस राहतो.

घाटांचं वेगळं. करूळ, भुईबावडा, आंबा, आंबोली: दरड कधी कुठे येईल सांगता येत नाही. जोराच्या पावसात कोल्हापूर-बेळगावचा बेत असेल तर दोन तास जादा धरा आणि निघण्याआधी घाटातल्या एखाद्या ओळखीच्या टपरीवर फोन करून रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्या. रेल्वेने जोडून जाणाऱ्यांनी पावसाळी वेळापत्रक बघावं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वेळा बदललेल्या असतात.

विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. चोवीस तासांच्या आत रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर भरपाईही मिळते: तासाभराच्या उड्डाणाला कमाल ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, पण मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांची बेरीज कमी असेल तर तेवढीच. हवामानामुळे रद्द झाल्यास ही भरपाई नाही, परतावा मात्र आहे. यासाठी बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर असला पाहिजे. एजंटाचा नंबर दिलेला असेल तर संदेश त्याला जातो आणि तुम्ही दारात उभे.

सामान आणि गाडी

एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात. मोठी केबिन बॅग शिडीपाशी काढून घेतात, म्हणून औषधं, कागदपत्रं, दागिने छोट्या पिशवीत वेगळे ठेवा. चेक-इनची मर्यादा देशांतर्गत बहुधा १५ किलो. अडीचशे ग्रॅमचा हापूस धरला तर पाच डझनांची पेटी फळांचीच १५ किलो भरते, खोक्याचं आणि गवताचं वजन वेगळं. दोन डझनांच्या दोन पेट्या करा, किंवा जादा वजन आधी ऑनलाइन घ्या. काउंटरवर तेच महाग पडतं. सुकं खोबरं हातात आणि चेक-इन दोन्हीकडे नाकारतात, कारण त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकतं. लोणचं आणि आगळ चेक-इनमध्ये टाका, झाकणाला टेप लावून आणि दुहेरी पिशवीत.

मोपाला सोडायला स्वतःची गाडी असेल तर प्रश्न नाही. भाड्याची करणार असाल तर ती पिवळ्या पाटीची हवी, आणि चालकाकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का ते विचारून घ्या. फक्त महाराष्ट्राचा परवाना असेल तर गोव्यात शिरताना तात्पुरता परवाना आणि कर भरावा लागतो. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला तपासणीत गाडी अडली की विमान चुकतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन बसूच नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो. उतरल्यावर घेऊन जाणारी गाडी आधी ठरवा, रात्री उशिरा सावंतवाडीकडे जायला ऐनवेळी मिळणारी टॅक्सी परवडत नाही.

विमानफेरीची मागणी करायची असेल तर

'आम्हाला विमान हवं' असं निवेदन दरवर्षी जातं आणि फाईलला लागतं. विमान कंपनीला हवा असतो आकडा, आणि तोही योग्य प्रश्नातून आलेला. सर्वेक्षणात 'कुठे जाता' विचारलं की अर्धे लोक 'मुंबई' लिहितात. त्यात दिल्ली, दुबई, बंगळूर लपलेलं असतं. म्हणून विचारायचं असं: शेवटचा मुक्काम कुठे, महिन्यातून किती वेळा, कोणत्या वारी, तिकिटाचे पैसे कोण भरतं. हॉटेलवाल्यांनी पाहुण्याच्या नोंदवहीत 'कोणत्या शहरातून निघालात' हा एक रकाना वाढवावा. मुंबईमार्गे आलेला हैदराबादचा पाहुणा त्यात लगेच दिसतो.

मग गणित मांडा. ७० आसनांचं विमान, ६० टक्के भरलं धरा, म्हणजे एका बाजूला ४२ आणि जा-ये मिळून ८४ प्रवासी. रोजची फेरी असेल तर महिन्याला सुमारे २,५०० तिकिटं. आपल्याकडून इतकी निघत नसतील तर रोजची फेरी मागू नका, आठवड्यातून तीन दिवसांची मागा आणि ती भरून दाखवा. छोट्या विमानतळांवरच्या फेऱ्यांसाठीच्या केंद्राच्या उडान योजनेतली मदत तीन वर्षं असते. साधारण निम्म्या आसनांना भाड्याची कमाल मर्यादा, तोट्याची भरपाई केंद्र ८० टक्के आणि राज्य २० टक्के. चिपी-मुंबई फेरी याच मदतीवर चालली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुदत संपताच थांबली. पहिल्या वर्षापासूनच अनुदान नसलेली आसनं विकण्याची तजवीज केली नाही तर कोणत्याही मार्गाचं असंच होतं. हॉटेल संघटनांनी हंगामाबाहेरच्या महिन्यांत ठरावीक आसनांची हमी लेखी दिली तर कंपनी बोलायला बसते, नुसत्या ठरावाने बसत नाही.

मार्ग सुचवताना मुंबई शेवटी ठेवा. हैदराबाद किंवा बंगळूर मागा, आणि वेळ अशी मागा की विमान तिथे सकाळी दहाच्या आत पोचेल, म्हणजे पुढची जोडउड्डाणं त्याच दिवशी मिळतील. त्यासाठी विमान चिपीला पहाटे यायला हवं किंवा रात्री मुक्कामाला राहायला हवं. मुक्काम म्हटला की कर्मचाऱ्यांच्या खोल्या, विमानाची सुरक्षा आणि इंधनाचा साठा या तीन गोष्टी आधी विमानतळ चालवणाऱ्यांशी बोलून घ्याव्या लागतात.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. कंपन्या मोठ्या विमानतळांवरच्या पाळ्यांसाठी साधारण पाच महिने आधी अर्ज करतात. त्यामुळे दिवाळीनंतरच्या फेरीची मागणी एप्रिलपर्यंत, आणि आंबा हंगामाची सप्टेंबरपर्यंत कंपनीच्या नियोजन विभागाकडे पोचली पाहिजे. पत्राबरोबर सर्वेक्षणाचा तक्ता, महिनावार हॉटेल भरण्याचं प्रमाण आणि आसनहमीच्या सह्या जोडा.